गाडी कुठे भरली ते आधी सांगा

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की गोव्यात मोल्याच्या नाक्यावर रात्री चहाला चार जुने ड्रायव्हर भेटले की पहिला घोट संपायच्या आत अपघाताच्या गोष्टी सुरू होतात, कोणाची गाडी कुठे पलटी झाली, कोणाचा माल कुठे सांडला, आणि वाचकांना म्हटलं होतं तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा, विचारा. इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना या अंकात उत्तर देता येणार नाही, सात निवडलीत. माझ्याबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 1985 साली मी क्लीनर म्हणून गाडीवर चढलो, 1991 ला हेवी लायसन काढलं, आधी बेळगाव-कोल्हापूर-मुंबई लाईन केली आणि शेवटची आठ वर्षं खाणीवर टिप्पर, म्हणजे हौदा वर करून माल ओतणारा ट्रक, चालवला, 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा उतरलो. एवढ्या वर्षांत बघितलेले जेवढे अपघात आठवतात त्यातले अर्ध्याहून जास्त रस्त्यावर झालेच नव्हते. ते भरताना झाले होते, रस्त्यावर फक्त दिसले. म्हणून कोणी मला गोष्ट सांगायला लागला की मी पहिलं हेच विचारतो, गाडी भरली कुठे होती?

प्रश्न : मी पण खाणीवरच होतो काका, डिचोलीकडे. जेट्टीवर हौदा वर केलेला टिप्पर उभ्या जागी पलटी झालेला मी दोनदा बघितला. गाडी तर चालत पण नव्हती, मग पलटी कशी होते हे घरच्यांना समजावता येत नाही. तुम्ही सांगा. (एक माजी टिप्पर ड्रायव्हर, साखळी)

भाऊ, तुम्ही दोनदा बघितला, मी एकदा बघितला आणि तो एकदाच पुरे झाला.

आमोण्याच्या अंगाला नदीकाठी जेट्टीवर आम्ही माती टाकायचो. आपण सगळे मातीच म्हणतो, कागदावर लोहखनिज. मे महिन्याचे शेवटचे दिवस होते, सीझन संपत आलेला, सगळ्यांना पाऊस लागायच्या आत जेवढ्या होतील तेवढ्या ट्रिपा मारायच्या होत्या कारण पैसे ट्रिपेवर. आदल्या रात्री वळवाचा पाऊस पडून गेलेला. आता फाईन्स म्हणजे बारीक माती, ती कोरडी असेल तर हौदा वर केला की साखरेसारखी घसरते, पण ओली असेल तर पत्र्याला चिकटून बसते, आणि चिकटते ती बरोब्बर पुढच्या कोपऱ्यात, केबिनच्या मागे. हौदा वर जातोय, मागची माती पडतेय, पुढची दोन-तीन टन तशीच वर चढतेय. म्हणजे जे वजन चेसिसवर खाली असायला पाहिजे ते आता दोन माणूस उंचीवर जाऊन बसलं. त्यात जमीन ओली, एका बाजूची मागची चाकं वीतभर रुतली. वीतभरच. वर दोन टन आणि खाली वीतभर कल, संपलं.

माझी गाडी मागे तिसरी होती. पडताना आवाज येत नाही हे मला तेव्हा कळलं, आधी वाटतं हौदा वर जाता जाता थांबला, मग गाडी अगदी सावकाश, झोपेत कूस बदलावी तशी आडवी होते, आणि मग आवाज. आम्ही धावलो. काच लाल चिखलाने भरलेली आणि त्यावर वायपर चालूच होता, इकडून तिकडे, इकडून तिकडे, तो अजून डोळ्यांसमोर आहे. ड्रायव्हरला वरच्या खिडकीतून ओढून काढला, पाय घोट्यात मोडलेला. बाहेर आल्यावर तो पहिलं काय बोलला तर, ‘आता हप्तो कोण भरतलो रे?’ पायाचं नाही बोलला. गाडी त्याच्या नावावर होती, बँकेचं कर्ज होतं, 2004-05 नंतर चीनला माती जायला लागली तेव्हा गावोगावी लोकांनी अशाच कर्जाने गाड्या घेतल्या होत्या.

घरच्यांना एवढं सांगा की भरताना लोडरवाल्याने ओल्या ढिगातली माती टाकली आणि ती एका बाजूला जास्त टाकली, तिथेच गाडी अर्धी पलटी झाली होती. जे अजून टिप्पर चालवतात त्यांना माझं सांगणं एवढंच, हौदा अर्धा वर गेल्यावर माती हलत नाही असं दिसलं तर झटके देऊ नका, पुढे-मागे करून ब्रेक मारून पाडायचा प्रयत्न तर अजिबात नको, हौदा पूर्ण खाली घ्या आणि फावड्याने मोकळी करा, दहा मिनिटं जातील. आणि दुसऱ्या गाडीचा हौदा वर असताना बाजूला उभे राहू नका, बाजूला म्हणजे हौद्याच्या उंचीएवढं तरी लांब. ओली माती काय करू शकते ते जहाजवाल्यांना विचारा, 2009 च्या पावसाळ्यात मंगळूरच्या समुद्रात खनिज भरलेलं एक अख्खं जहाज कलून बुडालं होतं, आतली ओली माती पाण्यासारखी एका बाजूला सरकली की जहाज सुद्धा सावरत नाही, आपला सोळा टनी ट्रक काय.

प्रश्न : ट्रक अर्धा रिकामा दिसतो तरी ओव्हरलोड म्हणून पावती फाडतात, हा अन्याय नाही का? (फोंडा)

नाही. हौद्याकडे बघून वजन कळत नाही. एक घनमीटर वाळू दीड टनाच्या आसपास भरते, तेवढीच खनिज माती दोन-अडीच टन भरते. दोन एक्सलच्या सहा चाकी गाडीचं पासिंग, म्हणजे गाडी आणि माल मिळून परवानगीचं वजन, तेव्हा 16.2 टन होतं, त्यात गाडीचंच सहाच्या आसपास, राहिले दहा. दहा टन माती म्हणजे चार-पाच घनमीटर, हौद्याचा तळ झाकून थोडी वर. बघणाऱ्याला वाटायचं गाडी रिकामी जातेय आणि पात्रांवला म्हणजे मालकाला पण तसंच वाटायचं, मग ‘अजून एक बकेट टाक रे’. चिऱ्यांचं म्हणजे जांभ्या दगडाचं पण असंच, एक चिरा तीस किलोच्या आसपास, वरून एक थर जास्त लावला तर दिसत नाही पण पाट्यांना, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगांना, कळतो.

2018 ला सरकारने पासिंग वाढवलं, दोन एक्सलच्या नव्या गाडीला ते 18.5 टन झालं. दंड मात्र आधी दोन हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला एक हजार होता, 1 सप्टेंबर 2019 पासून तो वीस हजार आणि प्रत्येक टनाला दोन हजार झाला. आणि नुसता दंड भरून पुढे जाता येत नाही, जास्तीचा माल तिथेच उतरवायचा असा नियम आहे, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2005 मध्ये हे सगळ्या राज्यांना ठणकावून सांगितलं होतं कारण काही ठिकाणी पैसे घेऊन कार्ड देऊन गाड्या सोडत होते. तुम्ही अन्याय म्हणता तो एका जागी मला मान्य आहे, पावती ड्रायव्हरच्या हातात पडते, भरणारा आणि भरायला लावणारा घरी असतो. गाडी काट्यावर घेतल्याशिवाय हलवणार नाही असं म्हणायची ताकद पगारी ड्रायव्हरकडे नसते, ती ज्यांच्याकडे आहे त्यांनी वापरली पाहिजे.

प्रश्न : माझे बाबा बेळगाव-गोवा भाजीची गाडी चालवतात. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गेले तर घाट उतरताना त्यांनी गाडी न्यूट्रलवर टाकली, म्हणाले डिझेल वाचतं. मला भीती वाटली पण बोलले नाही. हे बरोबर आहे का? (कॉलेजची विद्यार्थिनी, पेडणे)

बाय, तू बोलली असतीस तर बरं झालं असतं, आता हे पान बाबांना दाखव आणि सांग एका जुन्या ड्रायव्हरने हात जोडून सांगितलंय.

1994 साली मी अनमोड घाट उतरत होतो, बटाट्याच्या गोणी. बेळगावला भरताना व्यापाऱ्याने वरून तीस गोणी जास्त टाकल्या, म्हणाला तुझीच गाडी जातेय आज, घेऊन जा रे, आणि त्या सगळ्या मागच्या बाजूला फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराला, टेकवून रचल्या. मी नवीन होतो, नाही म्हणता आलं नाही. आणि माझ्या उस्तादाने शिकवलं होतं तसंच मी पण न्यूट्रल मारत उतरत होतो. तीन-चार वळणं झाल्यावर वास आला. ब्रेकचा वास कसा असतो हे शब्दात सांगणं कठीण आहे, जळलेलं रबर नाही, जळलेला कपडा नाही, दोन्हीच्या मधलं काहीतरी, एकदा आला की आयुष्यभर विसरत नाही. मग पेडल मऊ झालं, मग पेडल खाली गेलं तरी गाडी ऐकेना. गिअर टाकायला गेलो तर वेग एवढा झालेला की गिअर पडेचना, नुसता खर्रर्र आवाज. क्लीनर ओरडला, ‘डोंगराक घाल, डोंगराक घाल!’ मी गाडी डोंगराच्या गटारात घातली, अख्खी बाजू घासत पंचवीस-तीस मीटर गेली आणि थांबली. फाळका तुटला आणि बटाटे सुटले. वळणावरून खाली बटाटे जाताहेत आणि मी स्टेअरिंगला धरून बसलोय, हात सुटत नव्हते, क्लीनरने एकेक बोट सोडवलं.

आता का झालं ते बघ. घाटात गाडीला दोन गोष्टी धरून ठेवतात, इंजिन आणि ब्रेक. न्यूट्रल टाकलं की इंजिनने हात सोडला, सगळं वजन ब्रेकवर. ड्रम तापतो, तापला की फुगतो, आतल्या लायनरपासून लांब जातो, लायनर पण गुळगुळीत होतो, आणि मग कितीही दाबा, धरत नाही. हवेचा ब्रेक असेल तर अजून एक, न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर म्हणजे कॉम्प्रेसर पण हळू, वारंवार ब्रेक मारला की टाकीतली हवा खर्च होते तेवढ्या वेगाने भरत नाही. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरायचं हे सगळ्या जुन्या लोकांचं सांगणं आहे आणि ते शंभर टक्के खरं आहे.

आणि डिझेल वाचत नाही, बाबांना हे खास सांग. आत्ताच्या कॉम्प्युटरवाल्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना आणि रेसवरून पाय काढलेला असताना डिझेल बंदच होतं, उताराच्या जोरावरच इंजिन फिरतं. न्यूट्रलमध्ये टाकलं तर उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जातं. म्हणजे जीव पण जातो आणि डिझेल पण.

प्रश्न : सळ्या मागे बाहेर आल्या तर लाल कापड बांधलं की चालतं ना? (वास्को)

नाही चालत. 2014 पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमांनी सळ्या अशा हौद्याबाहेर काढून नेणं बंद केलेलं आहे. आणि रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला लाल कापड दिसत नाही, सळी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. लांब गाडी लावा नाहीतर सळ्या वाकवून आत घ्या.

प्रश्न : मासळीच्या ट्रकांच्या पाण्यावरून माझी स्कूटर दोन वेळा घसरली, एकदा हात मोडला. ड्रायव्हर लोकांना हे कळत नाही का? (पेडणे तालुका)

कळतं. मी स्वतः दोन सीझन मासळी ओढली आहे आणि मी स्वतः रात्री रस्त्यावर नळ सोडलेला आहे, हे लिहिताना मला लाज वाटते. बर्फ वितळतो, पेट्यांच्या तळाशी पाणी साचतं, त्यात माशाचं तेल आणि चिकटा असतो, बाजारात ते पाणी घेऊन गेलं की तिथले लोक ओरडतात म्हणून आधीच कुठेतरी सोडून द्यायचं अशी रीतच पडली होती. आम्हाला वाटायचं समुद्राचं पाणी तर आहे, वाळून जाईल. पण ते वाळत नाही, डांबरावर पातळ साय धरते आणि वळणावर दुचाकीचं चाक त्यावर आलं की संपलं. खाली टाकी बसवायची, नळ बंद ठेवायचा आणि जिथे सोडायची सोय आहे तिथेच सोडायचं, एवढंच करायचं असतं, खर्च फार नाही. तुमच्या हाताबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. तोपर्यंत पुढे मासळीची गाडी दिसली तर तिच्या चाकांच्या रेषेत चालवू नका आणि वळणावर ब्रेक मारू नका, वळणाच्या आधीच वेग कमी करा.

प्रश्न : माझे आजोबा मांडवीचा पूल पडला त्याच्या गोष्टी सांगायचे. तेव्हा ट्रक कसे जायचे? आणि ट्रक रेल्वेवर चढवून नेतात ते तुम्ही केलंय का? (कुडचडे)

5 जुलै 1986. मी तेव्हा क्लीनर, सतरा वर्षांचा. पणजीचा पूल पडला आणि एका दिवसात गोव्याचे दोन तुकडे झाले, माणसं फेरीबोटीने आणि जड गाड्या बऱ्याचदा वरच्या अंगाने लांब फिरून. पण आली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. चवथीला गूळ नाही म्हणजे नेवऱ्या नाहीत, पातोळ्या नाहीत, आणि गूळ यायचा कोल्हापूरहून. पात्रांव म्हणाला फेरीने काढा, वेळ वाचेल.

ट्रक फेरीत चढवणं म्हणजे काय ते आताच्या मुलांना माहीत नाही. पुढची चाकं फळीवर आली की बोटीचं नाक खाली जातं, मागची चाकं आली की अजून खाली, मग गाडी मध्यावर गेली की बोट परत सरळ होते. हे सगळं फर्स्ट गिअरमध्ये, मुंगीच्या पायाने. माझं काम हातात लाकडाची उटी घेऊन मागच्या चाकाबरोबर चालायचं आणि गाडी थांबली की त्याच क्षणी उटी चाकाखाली सरकवायची. त्या दिवशी पाऊस होता आणि आमचा दोर काथ्याचा. काथ्याचा दोर भिजला की आवळतो आणि सुकला की सैल पडतो, आम्ही तो भिजलेला असताना बांधला होता, अनमोड-फोंडा येईपर्यंत ऊन पडलं आणि तो सुकला, कोणी परत बघितलाच नाही. बोटीचं नाक खाली गेलं, गाडीने हिसका खाल्ला आणि वरच्या थरातल्या ढेपी एकामागून एक मांडवीत. सहा की सात. धप्प, धप्प. नदी लाल मातीच्या पाण्याने भरलेली, गुळाच्या ढेपीचा रंग आणि तिचा रंग एकच, दिसल्या पण नाहीत. धक्क्यावर एक म्हातारी बाई उभी होती, ती म्हणाली, ‘जावं दी पुता, न्हंयेची चवथ जाली.’ माझ्या उस्तादाने मला काही मारलं नाही, पण त्यानंतर दर पंधरा-वीस किलोमीटरला गाडी थांबवून दोर हाताने दाबून बघायचा हे मी 2012 पर्यंत सोडलं नाही. आता नायलॉनचा पट्टा आला, तो भिजला किंवा ताण आला की लांबतो, म्हणजे बघावा लागतोच.

रेल्वेवर, हो, बरेचदा. कोकण रेल्वेने 26 जानेवारी 1999 ला कोलाड ते वेर्णे अशी रोरो सुरू केली. ट्रक मालासकट सपाट वॅगनवर चढवायचे, चाकं जखडायची, मालाची उंची मोजायची आणि ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये बसून गोव्याला. पहिल्या खेपेला फार विचित्र वाटलं, स्टेअरिंग पुढ्यात आहे, गाडी पळतेय आणि हाताला काही काम नाही. बोगदा आला की सवयीने हात लाईटच्या बटणावर जायचा. कशेडी नाही, परशुराम नाही, समोरून डोळ्यात लाईट मारणारा कोणी नाही. त्या रात्री माझ्या शेजारच्या वॅगनवरचा एक ड्रायव्हर गाडी सुटायच्या आधी माझ्या केबिनमध्ये येऊन बसला होता. त्याचं पुढे सांगतो, दुसऱ्या पत्रात.

प्रश्न : माझे मिस्टर ट्रक चालवायचे. 2007 साली त्यांच्या गाडीखाली मोटारसायकलवरचा एक मुलगा गेला. केस चालली, ते सुटले, सगळे म्हणाले चूक त्यांची नव्हती. 2012 नंतर गाडी विकली. पण अजून रात्री उठून बसतात. वाड्यावरचे जुने ड्रायव्हर अपघाताच्या गोष्टी काढून हसायला लागले की हे उठून घरी येतात. मी काय करू? (वाळपई)

वहिनी, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. आधी आम्ही हसतो त्याबद्दल सांगतो. जे हसून सांगतो ते सगळे बटाट्याचे आणि गुळाचे अपघात असतात. ज्यात माणूस गेला ती गोष्ट नाक्यावर कोणीच सांगत नाही, त्याच्या जवळ आली की दुसरा माणूस बटाट्यावर नेतो. तुमचे मिस्टर उठून जातात आणि बाकीचे बसून राहतात एवढाच फरक आहे, बसलेल्यांच्या पोटात पण काय काय असतं.

माझ्या पोटात होतं ते सांगतो. 1998 साली मी ग्रॅनाईटच्या फरशा घेऊन आलो, म्हापशाजवळ उतरवायच्या होत्या. आठ बाय चार फुटाची, पाऊण इंच जाडीची एक फरशी दीडशे किलोच्या आसपास असते. त्या उभ्या लावतात, मध्ये लाकडी घोडी, तिला दोन्ही बाजूंनी टेकवून, आणि दोराने बांधून. एका बाजूच्या फरशांचा घोडीकडे कल बरोबर होता, पण दुसऱ्या बाजूच्या फरशा भरणाऱ्याने जवळजवळ सरळ उभ्या लावल्या होत्या, कल कमी. मी बघितलं होतं भरताना. मला वाटलं दोर आहे ना. संपूर्ण रस्ता काही झालं नाही, घाटात काही झालं नाही. उतरवताना हमालांनी एका बाजूच्या सगळ्या काढल्या, गाडी पाट्यांवर दुसरीकडे कलली बोटभर, आणि त्याच वेळी त्या बाजूचा दोर सोडला. एक हमाल हौद्याच्या फळीच्या आणि फरशांच्या मध्ये उभा होता. माझ्याच वयाचा होता, कानावर विडी लावलेली. मी खाली उभा राहून त्याच्याशी बोलत होतो, तो म्हणत होता आज लवकर सुटलो तर जत्रेला जायचंय. फरशा पुस्तकाची पानं मिटावी तशा आल्या.

दोर मी बांधला नव्हता, फरशा मी लावल्या नव्हत्या, उतरवणारा मालक वेगळा होता. पोलिसांनी पण मला साक्षीदारच केला. त्याच्या बायकोला कामावरच्या अपघाताची भरपाई मिळायला हवी होती, कायद्यात ती 1923 पासून आहे, पण तो त्या दिवसापुरता बोलावलेला हमाल होता आणि मालक म्हणाला हा माझा माणूसच नव्हे. मी साक्ष दिली की होता. पुढे काय झालं हे बघायला मी गेलो नाही, जाण्याची हिंमत झाली नाही. वर्षभर घरात कोणाला एक शब्द सांगितला नाही. जेवताना ताटाचा आवाज झाला तरी दचकायचो. बायको विचारायची, मी म्हणायचो दमलोय.

मग ती रोरोची रात्र. शेजारचा ड्रायव्हर सांगलीकडचा होता, आधी त्याला बघितलेलं नव्हतं, नंतरही कधी भेटला नाही. अंधार, वॅगनचा आवाज, दोघांचेही हात रिकामे. त्यानेच आधी सुरू केलं, त्याच्या गाडीखाली एक म्हातारा आला होता. तो सांगत होता आणि मी पुढच्या काचेतून बघत होतो, एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. त्याचं झाल्यावर मी माझं सांगितलं. विडीचं सुद्धा सांगितलं. त्याने ‘तुझी चूक नव्हती’ असं म्हटलं नाही. ते सगळेच म्हणतात आणि त्याचा उपयोग होत नाही, कारण आपल्याला आतून माहीत असतं की भरताना आपण बघितलं होतं. त्याने विचारलं, ‘त्याचं नाव काय होतं?’ मला माहीत होतं. मी वर्षभरात पहिल्यांदा ते तोंडाने उच्चारलं आणि मग रत्नागिरी येईपर्यंत रडत होतो.

म्हणून तुम्ही त्यांना चूक नव्हती, विसरा, असं आता सांगू नका. तो मुलगा कुठल्या गावचा, नाव काय, हे कधी शांत वेळी विचारा, समोरासमोर बसून नको, शेतात काम करताना किंवा चालताना. सांगितलं नाही तर सोडून द्या, परत काही दिवसांनी. आणि झोपेचं इतकी वर्षं चालू आहे म्हणजे डॉक्टरला दाखवायलाच हवं, त्यात वेड लागलंय असा अर्थ नाही. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, तिथे बाहेरून जाऊन दाखवता येतं. तिथपर्यंत यायला तयार नसतील तर 14416 हा सरकारचा टेलीमानसचा फोन आहे, रात्री पण लागतो, पैसे नाहीत. आधी तुम्ही स्वतः बोललात तरी चालेल, झोप तुमची पण गेलेली असणार.

आणि एक, तुम्हाला चालत असेल तर मी येतो. वाळपई काही लांब नाही. अपघाताचं बोलायला येतोय असं त्यांना सांगू नका, जुना खाणीवरचा माणूस आहे, भेटायला येतोय एवढंच सांगा, मी चहा पिऊन बसेन. फक्त त्यांची गाडी कुठल्या मॉडेलची होती आणि ते कुठल्या खाणीवर भरायचे तेवढं कळवा, म्हणजे बोलणं तिथून सुरू करता येईल.